रेल्वेच्या भरावावरची हरळी

गया, तू गेलीस त्या दिवशीसुद्धा कुणीतरी ते बोललंच. तुला न्हाऊ घालून अंगणात ठेवलं होतं, बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि वरच्या आळीची सखू पदरानं नाक पुसत म्हणाली, "लई भोळी होती गं. परमुलखात जाऊन रेल्वेची हरळी उपटून आल्ती बिचारी." रडता रडता चार बाया हसल्या. मीबी हसले. मला वाटलं, आता तू डोळे उघडशील आणि म्हणशील, "आक्का, मी इथं पडलेय आन तुम्ही दात काढून राह्यल्या?"

तू न्हाई उघडलेस.

आता दहावा झाला, पाहुणे गेले, आणि घर असं रिकामं झालं की चुलीवर भांडं ठेवलं तरी त्याचा आवाज मोठा होतो. जाऊ म्हणून तू या घरात आलीस तेव्हा मी जुनी झाल्ते. जायची पाळी माझी होती. तू रांग मोडलीस, आणि रांग मोडायची तुला सवय न्हवती. सासूबाईंच्या राज्यात तू घागरीला हात लावायच्या आधीसुद्धा माझ्या तोंडाकडं बघायचीस.

लिहायला मी उशिरा शिकले, माझ्या किसनच्या पोराच्या पाटीशेजारी बसून. अक्षर वाकडं हाय. तू असतीस तर म्हणली असतीस, "आक्का, तुमच्या ओळी म्हंजी नव्या बैलानं नांगरलेले तास." असू दे. आपलं एक भांडण अर्धं राह्यलंय, ते मिटवायला बसले मी. लोक तुला भोळी म्हणत हसतात ते तू होतीस तोवर चालून गेलं. आता मला सोसंना.

भांडण हरळीचं. काळ्या रानातल्या माणसाला हरळी काय ते सांगायला नको. वरून बोटभर गवत, खाली हातभर मुळी. एक कांडं राह्यलं तरी पुढच्या पावसाळ्यात सारा वाफा तिचाच. आणि सगळ्या कुंभार पिंपळगावात हरळी काढावी तर तूच. खुरपं तिरकं घालायचीस, माती बाजूला करायचीस, आणि मुळीचा शेवट हाताला लागेस्तोवर जागची उठायची न्हाईस. तू काढलेल्या तुकड्यात हरळी परत आली, असं कुणी बघितलं न्हाई. लोक त्यांच्या रानात तुला मुद्दाम बोलवून न्यायचे, आणि तू काम झाल्यावर हात झटकून म्हणायचीस, "आता बघा, तिच्या माहेरचं कुणी राह्यलं न्हाई."

तुझ्या दोन पोरी, कौशी आणि इंदू. कौशीचं लिहिताना माझा हात थांबतो, पण तिच्यावाचून पुढचं काही कळायचं न्हाई. पहिलटकरणीचं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे, ही आपल्यातली रीत. सासूबाई त्या रीतीला देवासारखं धरून होत्या. कौशीला आठवा सरला तेव्हा भर श्रावणात बैलगाडी पाठवली तिला आणायला. गाव दिसायला लागलं होतं, आणि गाडी ओढ्यात रुतली. चाक निघेना, बैल बसले, आणि पोरीच्या पोटात कळा आल्या. आपण दोघी पळत पळत ओढ्यावर पोचलो तेव्हा तिचं सगळं संपलं होतं. तिचं आणि पोटातल्याचं.

सासूबाई म्हणल्या, "नशीब पोरीचं." भाऊजी, तुझा नवरा, ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले. आणि तू एक शब्द बोलली न्हाईस. तेव्हाबी न्हाई, मंगबी न्हाई. एवढंच की त्यानंतर कुठं जायचं असलं तर तू ओढ्याच्या अलीकडं गाडीतून उतरायचीस, पाण्यातून पायी जायचीस आणि पलीकडं परत बसायचीस. लोकांना वाटायचं, बैलांची दया येते हिला.

इंदूचा नवरा रेल्वेत. त्याचे मामा तिकडं तेलंग्यांच्या मुलखात, समुद्राच्या काठाच्या लाईनीवर होते, त्यांनी त्याला चिकटवलं. रजाकाराची धामधूम होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. दसऱ्याला जावईबापू आले आणि म्हणले, इंदूला सातवा लागलाय, प्रवास तिला एकटीनं झेपायचा न्हाई, कुणीतरी चला. सासूबाईंनी तिथंच ठरवून टाकलं. "दोघी सुना जातील, दिवाळीच्या आत पोरीला घेऊन येतील." तू "बरं" म्हणलीस. परतूर टेसनाला जाताना ओढा आला, तू खाली उतरलीस. त्या दिवशी मीबी उतरले तुझ्यासंगं. पाणी घोट्यापर्यंतच होतं. मधोमध आल्यावर तू माझा हात धरलास, आणि पलीकडं गेल्यावर सोडलास.

ते टेसन आठवतं का गं? नाव काही माझ्या तोंडात बसलं न्हाई कधी. एक दगडी खोली, एक फलाट, रेल्वेच्या लोकांच्या चार खोल्या, आणि मागं समुद्र. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघून तू कमरेवर हात ठेवून उभी राह्यलीस. मी म्हणले, "कसं वाटलं?" तू म्हणलीस, "एवढं पाणी आन घोटभर प्यायचं न्हाई. असल्या विहिरीला काय करायचं?" इंदू पोट धरून हसली. पोरीचे पाय सुजले होते, पण हसू तेच होतं.

मंग ते वादळ आलं. सकाळपासून आभाळ पितळेसारखं होतं, आणि दुपारनंतर वारा असा सुटला की खोल्यांची कौलं पाखरांसारखी उडाली. जावईबापूंनी सगळ्यांना टेसनाच्या दगडी खोलीत आणलं. आपण इंदूला मधे घेऊन भिंतीला टेकून बसलो. बाहेर फलाटावरची घंटा वाऱ्यानं आपली आपणच वाजायला लागली, आणि तू म्हणलीस, "अशात गाडी कोण आणून राह्यलं?" सगळे भीतीनं गार पडले होते, तरी हसले. तुझं हे असंच. जीव जायची वेळ आली की तुझं तोंड चालू व्हायचं, आणि बोलायची वेळ आली की बंद.

वारा पडल्यावर बाहेर आलो तर लाईन न्हवतीच. म्हणजे रूळ होते, पण त्यांच्या खालचा मातीचा भराव पाण्यानं नेला होता. रूळ आणि त्यांना चिकटलेल्या लाकडी फळ्या अधांतरी लोंबकळत होत्या, कुणी शिडी आडवी टांगून ठेवावी तशा. खाडीवरचा पूल एका बाजूला झोपला होता. ताडाची झाडं मोडून रुळांवर पडली होती. विहिरीत खारं पाणी शिरलं होतं. जावईबापू लाईनीच्या टोकापर्यंत जाऊन आले. मंग म्हणले, "आता गाडी कवा येईल, देवाला ठाऊक."

दिवाळी तिथंच झाली. गाडी न्हाई, रस्ता पाण्याखाली, टपाल आलं तर होडीनं. पहिल्यांदा लोक रोज फलाटावर येऊन लाईनीकडं बघायचे. मंग बघणं सोडलं. रूळ तांबडे झाले. कोळणी फलाटावर मासळी वाळत घालायला लागल्या, शेरडं सिग्नलच्या खांबाला अंग घासायची, आणि बाजाराला जायचं तर लोक लाईनीवरूनच चालत जायचे. तू म्हणलीस, "गाडी न्हाई तर टेसन म्हंजी नुसती लांब ओसरी."

आपलं ज्वारीचं पीठ संपलं. तांदळाची भाकर थापायला बसलीस तर ती तुझ्या हाताला ओळखच देईना. तव्यावर टाकायच्या आधीच तुटायची. पलीकडच्या खोलीत गेटवाल्याची म्हातारी आई होती, सगळे तिला अम्मा म्हणायचे. तिचं बोलणं आपल्याला कळंना, आपलं तिला. पण तुझं तिच्याशी जमलं. घरून नेलेली तिळाची चटणी तू मला जपून वाढायचीस आणि तिला मूठभर द्यायचीस. एकदा मी चिडले. "सख्ख्या जावेला चिमूट आन परकीला मूठ?" तू म्हणलीस, "तुमचे हात खाण्याचे, आक्का. तिचे कामाचे." मला तेव्हा कळलं न्हाई. मंग बघितलं, काठावरच्या बाया कडेवरची पोरं आणून अम्माच्या पायावर घालून जायच्या. सगळ्या काठाची सुईण होती ती. तू ते आल्या आल्याच हेरलं होतंस.

लाईन दुरुस्त करायला दोन्हीकडून माणसं लागली होती. आपल्याकडच्या टोळीचा मुकादम हैद्राबादेकडचा म्हातारा, तोच एक आपल्याशी बोलणारा. आपल्याला मौशी म्हणायचा. माती टाकली, धुमसानं ठोकली, भराव उभा राह्यला. आणि मंग त्याची माणसं टोपल्या भरभरून काय घेऊन आली? हरळी. मातीसकट चापटं काढून आणली आणि भरावाच्या उतारावर एकाशेजारी एक बसवून वर पाणी शिंपडलं. आपण दोघी बघतच राह्यलो. मी म्हणले, "गया, हे काय गं? आपण जिला जाळतो तिला हे पाण्यावर वाढवून राह्यले." मुकादम हसला आणि म्हणला, "मौशी, येच तो मिट्टी कू पकडती. ये नै तो बारिश में सब बह जाता." तू मान हलवलीस, अगदी समजल्यासारखी. ती मान मी बघितली होती, गया. ती विसरू नकोस.

तारा आधी जोडल्या, रूळ मागून. त्या तारेवरून टेसनाटेसनानं सासूबाईंचा निरोप आला. भाऊजी परतूरला जाऊन सांगून आल्ते. पहिल्या गाडीनं इंदूला घेऊन निघा, बाळंतपण इथंच व्हायला पाहिजे. आणि गाडी आता येणार होती. साहेब ट्रॉलीवर येऊन भराव बघणार, पास करणार, की दुसऱ्या दिवशी गाडी. इंदूला नववा लागला होता. पोट खाली आलं होतं, पाय खांबासारखे झाले होते. एक दिवस एक रात्र रेल्वे, मधे दोनदा गाडी बदलायची, आणि परतूरपासून बैलगाडी. ओढ्यातून.

जावईबापूंनी निरोप सांगितला तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. तू "बरं" म्हणलीस आणि इंदूचं लुगडं घडी करायला बसलीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी इंदूच्या पायांना तेल लावत होते, आणि बाहेर मुकादमाचा आवाज ऐकू आला. रडल्यासारखा आवाज. बाहेर जाऊन बघते तर तू भरावाच्या पायथ्याशी उभी, पदर खोचलेला, हातात कुणाचं तरी खुरपं, शेजारी हरळीचा ढीग. आणि टेसनाकडचा सगळा उतार उघडा. पाटा धुवावा तसा स्वच्छ.

"मौशी," मुकादम म्हणत होता, "ये क्या करे तुम? इसकू तो हम लगाए थे. आवाज देके बुलाए, ये दिखाने कू?"

तू खुरप्याची माती झटकली आणि म्हणलीस, "साफ केलं बाबा. केवढा तुमचा बांध आन हरळीनं भरून गेल्ता. आमच्यात असं ठेवत न्हाईत."

"पर मैं बताया था ना तुमकू."

"बतायं असशील. हात ऐकत न्हाईत बघ. हरळी दिसली की शिवशिवतात."

तो डोक्याला हात लावून खाली बसला. टोळीतल्या बाया आधी घाबरल्या, मंग एकीला हसू आलं, मंग सगळ्यांना. जावईबापूंची मान खाली. मी धावत येऊन तुझं खुरपं ओढून घेतलं आणि म्हणले, "अगं येडे, हे आपलं रान हाय का?" तू माझ्याकडं बघितलंस, पण तुझ्या डोळ्यांत काही चुकल्याचं दिसंना. मला वाटलं, ऊन लागलं असंल.

साहेब आला. त्यानं उघडा उतार बघितला, मुकादमाला विचारलं, आणि तू पुढं होऊन हात जोडलेस. "चुकलं साहेब. अडाणी माणूस." गया, या जन्मी मी तुझ्या तोंडून तो शब्द त्या आधी ऐकला न्हवता. सासूबाई तुला अडाणी म्हणल्या तेव्हा तू दोन दिवस जेवली न्हवतीस. आणि तिथं तू तो शब्द स्वतःच काढून साहेबाच्या हातात दिलास, जसा काही घरून बांधूनच आणला होता. साहेब बरा माणूस होता. चिडायचं की हसायचं ते त्याला कळंना. म्हणला, घास फिरसे लगाओ, मैं फिर आऊंगा. आणि ट्रॉली परत गेली.

हरळी परत लावायला लागले तोवर पाऊस आला. तिकडं मार्गशीर्षातबी पाऊस. उघड्या उतारावर ओघळी पडल्या, त्या बुजवायला वेळ गेला. गाडी आणखी लांबली. टेसनावरची पोरं तुला बघितलं की गवत उपटल्यासारखे हात करायची, आणि तूबी त्यांना हात करून दाखवायचीस.

आणि मंग एका सकाळी इंदूला कळा आल्या. अम्मा आली, तिनं इंदूच्या पोटावर हात फिरवला आणि तिचं तोंड बदललं. तिनं आपल्याला बोटांनी दाखवलं. डोकं वर, पाय खाली. पोर पायाळू येत होती. सकाळ गेली, दुपार गेली. अम्माचे हात कोपरापर्यंत तेलानं माखले होते, ती इंदूला काहीबाही सांगत होती आणि इंदूला ते कळत होतं, कसं कोण जाणे. मी पोरीचं डोकं धरून बसले होते, तू तिचे पाय. पोर बाहेर आली आणि रडली न्हाई. अम्मानं तिला उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घातलं. मंग रडली. केवढी रडली गं.

तेव्हा तू माझ्याकडं बघितलंस आणि मी तुझ्याकडं. इंदूच्या अंगावरून. आपल्या दोघींच्याबी डोळ्यांसमोर एकच होतं, रेल्वेचा डबा आणि त्यापुढचा ओढा. तू अम्माच्या तेलकट हातांवर डोकं ठेवलंस आणि रडलीस. कौशी गेल्यापासून मी तुला रडताना पहिल्यांदा बघितलं. कौशीचं सगळं तिथं रडलीस तू, खाऱ्या मुलखात, त्या म्हातारीच्या हातांवर.

मुकादम पोर बघायला आला. तिला हातावर घेऊन म्हणला, "इसका नाम हरळी रखो." नाव यमुना ठेवलं, पण टेसनावर ती हरळीच झाली.

महिनाभरानं लाईन खुली झाली. पहिली गाडी आली तेव्हा लोकांनी इंजिनाला हार घातला, फलाटावरची मासळी गोळा केली. इंदू बाळंतीण, ती तिथंच राह्यली; आपण दोघी निघालो. मी खिडकीशी बसले होते. गाडी हळू हळू त्या भरावावरून निघाली, आणि मी वाकून बघितलं. सगळीकडं परत लावलेली चापटं होती. पण पुढच्या टोकाला एक तुकडा, जिथं परत लावायला माणसं पुरली न्हवती, तो तसाच उघडा राह्यला होता. उघडा कसला? हिरवा. बारीक बारीक पाती, दाट, पहिल्यासारखी, ओळीनं.

तू काढलेली हरळी परत आली होती, गया.

मी तुझ्याकडं वळले. तोंड उघडलं. आणि तू हात लांब करून खिडकी लावलीस. म्हणलीस, "धूर येऊन राह्यला."

धूर दुसऱ्या बाजूला जात होता.

मला तिथंच कळलं होतं. जिच्या हातून एक कांडं सुटत न्हाई, तिनं एवढ्या उतारावर नुसती वरवरची पाती ओढली आणि मुळ्या जागेवर ठेवल्या. आणि काम झाल्यावर पळाली न्हाई, आपणच मुकादमाला हाक मारून दाखवलं, म्हणजे त्या भरावावर चुकूनबी गाडी यायला नको. आपल्यासारख्या काळ्या रानातल्या बाईनं हरळी उपटली, यावर कोण संशय घेणार? सगळे हसणार. तू त्यांना हसू दिलंस.

गावी आल्यावर सासूबाईंनी तुला काय कमी बोललं? "रेल्वे बुडवून आली. पोरीचं पहिलं बाळंतपण परक्याच्या दारात." तू खाली मान घालून ऐकलंस. आणि मी? मी हसणाऱ्यांत हसले, तुझ्याकडं बघून. तेवढंच मला करता येत होतं. मी न्हाई हसले तर कुणीतरी विचारील, का न्हाई हसली.

पण आपण दोघीच असलो की मी सोडायची न्हाई तुला. आठवतं का, किती वेळा? खुरपताना, दळताना. "गया, तुझी हरळी तिकडं फुटली की गं."

"खारी माती, आक्का. तिथली हरळीच येगळी."

"हरळी सगळीकडं हरळी."

"मंग तुम्ही जाऊन काढून या."

एकदा मी जरा जास्तच बोलले. तूर बडवत होतो. मी म्हणले, "आन गाडी घसरली असती, माणसं मेली असती, मंग?" तुझा हात थांबला. तू म्हणलीस, "गाडी आली असती तर ना." आणि परत बडवायला लागलीस, इतक्या जोरात की भुसा माझ्या डोळ्यांत गेला. मला आजपर्यंत कळलं न्हाई, तो भुसा तू मुद्दाम उडवलास का.

मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं, बस. तू म्हणायला पाहिजे होतंस, "व्हय आक्का, मी मुद्दाम केलं." मी तुला काय म्हणणार होते? लुगडं नेसवलं असतं तुला. पण तू कबूल झाली न्हाईस, आणि मी जिद्द सोडली न्हाई, आणि अशात तू गेलीस. शेवटच्या आठवड्यात तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेव्हा तू म्हणलीस, "इंदूला आता आठवा असंल." मी "हो" म्हणले. तू म्हणलीस, "वर पाऊस हाय." मी परत "हो" म्हणले. तू किती वेळ माझ्याकडं बघत राह्यलीस. मला वाटलं ग्लानी हाय. आता वाटतंय, तू माझ्या हातात खुरपं देऊन राह्यली होतीस.

इंदू आली न्हाई तुझ्या मातीला, तिला कसं येणार. तार गेली तिला. आणि काल दहाव्याचं आवरल्यावर भाऊजी ओट्यावर बसले आणि माझ्या किसनला म्हणले, "तू उद्या नीघ. इंदूला घेऊन ये. पहिलं बाळंतपण तिकडं झालं, दुसरं तरी इथं होऊ दे. आई गेली म्हणून पोरीचं माहेर गेलं, असं नको व्हायला."

वाईट काही बोलले न्हाईत गं ते. डोळे भरलेले होते. लेकीला जवळ बघायचंय त्यांना, दुसरं काय. ओट्यावर माणसं होती. मी उंबऱ्यात उभी होते, आणि तिथूनच म्हणले, "किसन कुठं जात न्हाई."

भाऊजींनी वळून बघितलं. "का वैनी?"

"पोर आठव्यात हाय. वर आषाढ. परतूरपासून बैलगाडी कुठून येते, भाऊजी?"

सगळ्यांना ठाऊक, कुठून येते.

"त्या ओढ्यातून मी दुसरी पोर आणू देणार न्हाई. मीच जाते इंदूकडं. अम्मा अजून हाय तिथं, तिचे हात अजून चालतात."

"आन लोक काय म्हणतील?"

"गयाला भोळी म्हणले. मला येडी म्हणतील. एका घरात दोन, शोभतं."

भाऊजी हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. उपरणं डोळ्यांना लावलं. मंग हळूच म्हणले, "तीबी असंच म्हणली असती का, वैनी?"

मी म्हणले, "तिला म्हणायला जागा कुणी दिली, भाऊजी? तुम्ही न्हाई, मी न्हाई."

भाऊजी किसनकडं वळले आणि म्हणले, "वैनीला ज्वारी दळून आण. जास्तीची आण. तिकडं भात खाऊन हाल होतात." आणि आत जाऊन तुझ्या फडताळातली तिळाची बरणी घेऊन आले. म्हणले, "ही त्या म्हातारीला द्या."

हरळीचं मात्र मी त्यांच्यापुढं काढलं न्हाई. ते इंदूला आधी कळायला पाहिजे. तिच्या पोरीला लोक हरळी म्हणतात, ते का, हे तिला मी सांगणार हाय, भरावावर बसून, सगळं, पहिल्यापासून. तू चिडशील. चीड.

परवा निघते. किसन परतूरपर्यंत सोडायला येतोय. ओढ्याला उतरून पायी जाईन, पाणी जास्त असलं तर त्याचा हात धरीन. पुढं रेल्वे. आता लाईन बराबर चालू हाय, दोनदा गाडी बदलली की झालं. जाताना ते टेसन यायच्या जरा आधी उजव्या हाताला तुझा तुकडा लागतो. मी आधीपासूनच खिडकीशी बसणार हाय, आणि या वेळेला खिडकी लावायला तू न्हाईस.